दोन ठोके, मग एक

१

शनिवारी सकाळची कॉफी झाली की वायोस गॅरेजमध्ये जायचा, मोटरसायकलला किल्ली लावायचा आणि ऐकत उभा राहायचा. गाडी सुरू करायची नाही, नुसती किल्ली फिरवायची. मग उजव्या झाकणाआडून पंप बोलायला लागायचा. टकटकटकटक भराभर, मग जरा सावकाश, मग गप्प. अकरा ठोके, फार तर बारा. म्हणजे दोन्ही कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या, आता आणखी नको. पोटभर जेवलेला माणूस ताटावर आडवा हात धरतो ना, तसं ते गप्प होणं. चौसष्ट वर्षांच्या वायोसला आठवड्यातली ही दोन मिनिटं फार प्रिय होती.

बहुतेक जुन्या गाड्यांना पंप लागत नाही. टाकी वर, कार्बोरेटर खाली, पेट्रोल आपोआप उतरतं. पण या जपानी गाडीची टाकी खेचराच्या पाठीवरच्या गोणीसारखी दोन्ही अंगांनी खाली लोंबलेली. तळातलं पेट्रोल वर चढवायचं तर मुठीएवढा एक विजेचा पंप हवा. त्याच्या पोटात दोन इवलेसे पॉइंट असतात, ते जुळले की ठोका पडतो. पॉइंट झिजले की चिकटून बसतात, आणि मग पंपाला बोटाच्या पेराने ठोकून जागं करावं लागतं.

ही ठोकायची युक्ती वायोसनेच आपल्या धाकट्या भावाला, झिसिसला, शिकवली होती. झिसिसने तिला स्वतःची लकब लावली. दोन ठोके, जरा दम, मग एक. प्रत्येक वेळी तसंच. आणि उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली, मग बाहेर बर्फ का पडेना. नवे पॉइंट टाक, असं वायोस त्याला म्हणाला नव्हता. म्हणाला होता, "चालेल रे अजून वर्षभर, ठोकत जा." महिनाही चालले नाहीत. गावाखालच्या वळणावर गाडी मधोमध बंद पडली आणि मागून लाकडाचा ट्रक येत होता. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

गाडी भंगारात दे, असं सगळ्यांनी सांगितलं. वायोसने ऐकलं नाही. अकरा वर्षं एकेक भाग जमवत त्याने ती उभी केली. सांगाडा बदलला, टाकी बदलली, चाकं बदलली. पॉइंटही नवे घातले, पण पंपाचं बाहेरचं कवच तेच ठेवलं. का, ते त्याला विचारू नये. बायकोनेसुद्धा कधी विचारलं नाही.

त्या शनिवारी त्याने किल्ली फिरवली. टक... टक... टक. चिखलातून पाय काढत चालावं तसे ठोके. मोजता मोजता तिसाच्या पुढे गेला. मग पंप एकदाचा थांबला. वायोस किल्ली बंद करून हात पुसायला वळला, आणि पाठीमागे पुन्हा आवाज आला.

टक, टक. आणि थोड्या वेळाने, टक.

२

"पाइपात हवा अडकली असेल," तो स्वतःशीच मोठ्याने म्हणाला. किल्ली तर त्याच्या हातात होती. पण हवा अडकते, रबर आक्रसतं, स्प्रिंग उशिरा सुटते. चाळीस वर्षं इंजिनांत हात घातलेल्या माणसाला कारणांचा काय तोटा?

दहाच्या सुमारास कोस्मास आला. वायोसच्या लग्नात रीतीप्रमाणे नवरा-नवरीच्या डोक्यावरचे मुकुट त्यानेच आलटून-पालटून चढवले होते, म्हणून दोघं एकमेकांना 'कुंबारे' म्हणायचे. ते नातं सख्ख्या भावाच्या तोडीचं. तीस वर्षं घाटात बस चालवून निवृत्त झाल्यावर कोस्मासने स्टिअरिंगला पुन्हा हात लावणार नाही अशी शपथ घेतली होती, आणि आता तो दुसऱ्यांच्या गाड्यांना नावं ठेवत दिवस काढायचा.

"काय कुंबारे, आज काय मोडलंस?"

"पंप कुंथतोय. परवा त्रिकाला शहराहून येताना वळणाच्या अलीकडे धक्के द्यायला लागली. रिझर्व्हवर होती, म्हणून वळणावरच्या झिसिसच्या देवळीतली पेट्रोलची अर्धी बाटली ओतली. घरी आणून कॅनमधलं पाच लिटर भरलं. तेव्हापासून हे असं."

"चालू कर बघू."

वायोसने स्टार्टर मारला. गाडी खोकली, शिंकली, एकदाची धरली आणि मागून पांढरा धूर सोडायला लागली. कोस्मासने डोळे मिटून हवेत नाक वर केलं.

"आई शप्पथ! कुणाकडे दुधी भोपळे तळतायत?"

"कुठे? मला काहीच वास येत नाही."

"तुला काय येणार! नाक बघ तुझं, पिकलेल्या टोमॅटोसारखं झालंय. मीठ आणि लसूण तेवढं राहिलंय, नाहीतर तुझ्या धुराड्याशी पाव घेऊन बसलो असतो."

"थट्टा पुरे. पंपात बिघाड आहे."

"तुझ्या डोक्यात एकोणीस वर्षं पंपच बसलाय," कोस्मास म्हणाला. बोलून गेल्यावर त्यालाच वाईट वाटलं. तो उगाच पाना उचलून पुसायला लागला. पण खरं होतं ते.

३

मग त्याने रीतसर तपासणी सुरू केली. आधी वीज. पंपाच्या तारांना छोटा दिवा जोडला, तो लख्ख पेटला. म्हणजे वीज येते. मग गाळणी काढून फुंकली, साफ होती. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल तर टाकी श्वास घेत नाही आणि पंप रिकामाच ओढत बसतो, म्हणून झाकण उघडं ठेवून पाहिलं. फरक नाही. शेवटी कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून लोणच्याच्या बरणीत सोडली आणि किल्ली फिरवली. धार पडायला हवी होती, पण म्हाताऱ्याने थुंकावं तसं पेट्रोल पडत होतं.

"बघ," तो विजयाने म्हणाला. "पंपच."

"पंप तर पंप. मी जेवायला जातो." कोस्मास गेला.

दुपार कलली. ऑक्टोबरचं ऊन दारातून आत येऊन बाकावर पडलं होतं. वायोसने टाकीची तोटी बंद केली, पंप सोडवला, बाकावर उघडला. पॉइंट स्वच्छ होते. काजळी नाही, झीज नाही. आतल्या रबरी पडद्यावर मात्र बुळबुळीत काहीतरी होतं. तो ते चिंधीने पुसत बसला. खरं सांगायचं तर मजेत होता. उद्या सासरवाडीची मंडळी नवी दारू चाखायला येणार होती, पुढच्या महिन्यात बायकोच्या, असिमीनाच्या, डोळ्यांतले मोतीबिंदू निघणार होते. हात कामात, पाठीवर ऊन. माणसाला आणखी काय पाहिजे?

असिमीना दारात येऊन उभी राहिली. डोक्याला रुमाल, हातात वातींची डबी.

"वायो, मी वळणावर दिव्याला जाते."

"सर्दी झालीय तुला. आजचा दिवस राहू दे."

"सर्दी कुणी दिली? कॉफीखान्यातून तूच तर घेऊन आलास. आणि शनिवार आहे. झिसिसला अंधारात ठेवू?"

"दिसतंय का पण तुला?"

"माझे हात बघतात. एकोणीस वर्षं त्याच जागी त्याच बाटल्या. सूप शेगडीवर आहे, करपवू नकोस."

तिच्या चपला उतारावर वाजत गेल्या आणि ऐकू येईनाशा झाल्या. वायोसने पंपाचं झाकण लावलं, स्क्रू आवळले, पंप बाकावर ठेवला आणि हात धुवायला कोपऱ्यातल्या नळाशी गेला.

टक, टक.

त्याने नळ बंद केला.

टक.

पंपाच्या दोन्ही तारा मोकळ्या होत्या. बॅटरी चार हात लांब, गाडीत. उन्हाने तापलं असेल, धातू प्रसरण पावतो. तो जवळ गेला आणि पंपावर हात ठेवला. पंप गार होता. ऊन केव्हाच बाकावरून सरकून भिंतीवर गेलं होतं. त्याने तो तळहातावर घेतला, आणि हातातच, हाडाला लागेल इतक्या स्पष्टपणे, पंप पुन्हा दोनदा वाजला. मग थांबला. मग एकदा.

या वेळी दम छोटा होता. घाई असल्यासारखा.

४

वायोस पंप बाकावर ठेवून दोन पावलं मागे सरला. "म्हातारा झालास, वायोस," तो म्हणाला. "सर्दीने कान बधिर होतात." आणि काहीतरी करायला हवं म्हणून त्याने बरणी उचलली. मघा पंपाने थुंकलेलं पेट्रोल तिच्यात होतं. उजेडात धरलं. रंग जरा हिरवट वाटला. त्याने बोट बुडवून एक थेंब वर्तमानपत्रावर टाकला. पेट्रोल म्हटलं की बघता बघता उडून जातं, मागे काही ठेवत नाही.

थेंब उडाला. मागे डाग राहिला. गोल, पारदर्शक, खालची अक्षरं आरपार दिसतील असा. चीजची पोळी कागदात बांधली की पडतो तसा.

त्याने बोट जिभेला लावलं. नाक बंद असलं तरी घशाला ती ओळखीची कडवट झणझण कळली. ऑलिव्हचं तेल. मेव्हण्याच्या झाडांचं, गेल्या वर्षीचं, जे ते दिव्यासाठी वापरतात.

दुधी भोपळे तळतायत म्हणे! वायोसला हसू फुटलं. पंप नव्हे, मीच गाढव! परवा अंधारात, हेल्मेट डोक्यावर, नाक चोंदलेलं, तेलाची बाटली टाकीत ओतली!

हसता हसता तो थांबला.

झिसिसच्या वळणावर लोखंडी पायावर उभी असलेली ती पत्र्याची छोटी देवळी. वर काचेच्या दाराआड तसबीर, फोटो आणि दिवा. खालच्या कप्प्यात दोन बाटल्या, दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्हींना चिंधीचं बूच. उजवीकडे दिव्याचं तेल, डावीकडे पेट्रोल. घाटात तीस किलोमीटर पेट्रोलपंप नाही, म्हणून वायोसनेच ती रीत पाडली होती. ज्याची गाडी अडेल त्याने बाटली ओतावी, पुढच्या खेपेला भरून ठेवावी, झिसिससाठी क्रॉसची खूण करावी. गावातली पोरं त्याला 'झिसिसचा पंप' म्हणायची. डावीकडे पेट्रोल, उजवीकडे तेल, एकोणीस वर्षं.

आणि गेल्या रविवारी त्याने देवळीला निळा रंग दिला होता. कप्पा रिकामा करून बाटल्या गवतावर ठेवल्या होत्या. परत लावताना कोस्मास काहीतरी विनोद सांगत होता.

डावीकडे तेल लागलं होतं. म्हणजे उजवीकडे पेट्रोल.

असिमीना उजवीकडचीच बाटली घेणार. तिला दिसत नाही. तिला वासही येत नाही. काल कुणी वाटसरूने लावला असेल तर दिवा अजून जळतही असेल, आणि ती त्या जळत्या वातीवर, तोंड जवळ नेऊन, बाटली रिकामी करणार.

त्याने फोन लावला. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिचा फोन वाजायला लागला.

५

पिकअप जावयाने नेली होती. गुडघे धावण्यातले नव्हते. उरली मोटरसायकल, आणि तिचा पंप बाकावर पडलेला. पण दारापासून वळणापर्यंत सगळा उतार. वायोसने गाडी स्टँडवरून काढली, दाराबाहेर ढकलली, पाय टाकला आणि सोडून दिली.

इंजिन बंद असलं की जड गाडी अशी घरंगळते की वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही. चर्च मागे गेलं, अक्रोडाची झाडं मागे गेली. "देवा, हात थरथरू दे तिचा," तो म्हणत होता. "बूच घट्ट बसू दे. चिखलात घसरून पडू दे तिला, पाय मोडू दे, चालेल." असल्या प्रार्थना कुणी करतं का? पण त्याने केल्या.

आणि उजव्या मांडीखालून आवाज आला. टक, टक. टक.

टायरच्या खाचेत खडा अडकला की असा वाजतो. त्याने ते कारण घट्ट धरलं. पण उतार वाढला, वेग दुप्पट झाला, खड्याचा आवाजही दुप्पट व्हायला हवा होता. झाला नाही. आपल्याच चालीने येत राहिला, त्या झाकणाआडून, जिथे आत्ता मोकळ्या तारांशिवाय काही नव्हतं. दोन, दम, एक. वायोसने खाली पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गाडी दरीत गेली असती, असं तो नंतर म्हणायचा. पण खरं कारण ते नव्हतं.

घळीच्या अलीकडच्या कडेला आलं की समोरचं वळण दिसतं, मध्ये घळ आणि शंभरेक पावलांचं अंतर. देवळीचा ताजा निळा रंग उन्हात चमकत होता. असिमीना समोर उभी होती, काचेचं दार उघडं, हातात बाटली. आत ज्योत होती.

तिच्या शेजारी कुणीतरी होतं.

देवळीच्या पलीकडे, पाठमोरं. उंच. एक हात पत्र्याच्या छपरावर ठेवलेला, त्या हाताची बाही कोपरापर्यंत दुमडलेली. हात वर उचलला गेला, बोटं वळली. मग ओकची झाडं आडवी आली आणि वायोसला काही दिसेनासं झालं.

"असिमीना!" तो ओरडला. वाऱ्याने ते तोंडातच दाबलं.

६

वळण घेऊन तो पोचला तेव्हा असिमीना कठड्याच्या दगडावर बसली होती. एकटी. बाटली तिच्या पायाशी, बूच अजून लावलेलं. देवळीत दिवा मिणमिणत होता, तेल तळाला गेलेलं.

"आलास?" ती म्हणाली. "बराच वेळ लावलास."

वायोसने गाडी कशीबशी टेकवली. आधी बाटली उचलून दहा पावलं लांब नेऊन ठेवली, मग येऊन तिच्या शेजारी बसला.

"ओतलं नाहीस," तो म्हणाला.

"ओतणारच होते. बूच ओढलं आणि तू ठोकलंस."

"मी?"

"पत्र्यावर. टकटक, आणि मग टक. मला वाटलं तू मागून चालत आलास आणि चेष्टा करतोयस. म्हटलं, वायो, थांब, वात तरी बदलू दे. तू काही बोलला नाहीस. मग मी बूच परत लावलं आणि बसले. म्हटलं येईल समोर." तिने त्याच्याकडे मान वळवली. तिच्या ढगाळ डोळ्यांना त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण हात दिसत होते. तिने ते हातात घेतले. "काय झालं रे?"

त्याने बाटल्यांचं सांगितलं. दुसरं काही सांगितलं नाही. तिने तीनदा क्रॉसची खूण केली, आणि मग त्याच्या दंडावर सणसणीत चापट मारली.

"रंग द्यायला कुणी सांगितलं होतं तुला? चांगली गंजलेली होती!"

वायोस रडायला लागला आणि रडता रडता हसायलाही लागला. तीही हसली. मग डावीकडच्या बाटलीत उरलेलं तेल त्याने स्वतः, वास येत नाही म्हणून आधी जिभेला लावून, दिव्यात ओतलं. ज्योत उभी राहिली. फोटोतला झिसिस होता तसाच हसत होता. त्याच्या बाहीकडे वायोसने मुद्दामच पाहिलं नाही. देवळीमागे जाऊन मातीही तपासली नाही. निळ्या छपरावर, रंग अजून कच्चा होता तिथे, बोटाच्या पेराएवढे तीन खळगे पडले होते, दोन जवळजवळ, एक जरा दूर. ते आपणच रंगवताना पडले असतील, असं त्याने ठरवलं. ठरवायला काय जातंय?

गाडी तिथेच सोडून दोघं चालत घरी आली. सूप करपलं होतं. तेच त्यांनी पावाबरोबर खाल्लं, आणि असिमीना म्हणाली की इतकं चविष्ट करपलेलं सूप तिने आयुष्यात खाल्लं नाही. संध्याकाळच्या आत कोस्मास शपथ मोडून शेजाऱ्याचा ट्रॅक्टर घेऊन गेला आणि गाडी ओढून आणली. वाटभर तो भोपळ्यांबद्दल बोलत होता.

दिवस मावळायच्या आधी वायोसने टाकी ओतून काढली, धुतली, स्वच्छ पेट्रोल भरलं. पंप धुऊन जागी बसवला, तारा जोडल्या, किल्ली फिरवली. अकरा ठोके भराभर, मग सावकाश, मग गप्प. पूर्वीसारखं, अगदी तृप्त.

त्याने किल्ली काढून खिशात टाकली. बॅटरीची तारही सोडली. मग झाकण लावायच्या आधी तो पंपासमोर गुडघ्यांवर बसला.

"नवे पॉइंट टाकायला सांगायला हवं होतं रे तुला," तो म्हणाला. एकोणीस वर्षांत हे त्याने कुणालाच म्हटलं नव्हतं. "चुकलं माझं."

गॅरेजमध्ये काही हललं नाही. स्वयंपाकघरात असिमीना भांडी घासत गुणगुणत होती. वायोसने हात पुढे केला आणि बोटाच्या पेराने पंपावर दोनदा ठोकलं. टक, टक. आणि हात मागे घेतला. तिसरा ठोका दिला नाही.

तो थांबून राहिला. दम पुरा झाला, आणि जरा जास्तच झाला.

मग आतून, हलकेच, एक.